अपडेट आपल्या सर्व्हरवरून की थेट मायक्रोसॉफ्टकडून?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांची नेटवर्क सांभाळताना हा प्रश्न हमखास येतो. मार्च २०२३ पासून विंडोज ११ (२२एच२ आणि त्यापुढच्या आवृत्त्या) चे अपडेट स्वतःच्या सर्व्हरवरही ‘युनिफाइड अपडेट प्लॅटफॉर्म’च्या नव्या पद्धतीने येतात.

डब्ल्यूएसयूएस (ऑफिसातल्या पीसींना अपडेट वाटणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) सर्व्हर ठेवणार असाल, तर आधी तयारी करा. प्रत्येक विंडोज आवृत्ती आणि प्रोसेसर प्रकारामागे सुमारे १० जीबी जादा जागा लागते. आयआयएसमध्ये, म्हणजे पीसीला फाइल देणाऱ्या सर्व्हरवरच्या वेब सॉफ्टवेअरमध्ये, एमएसयू आणि डब्ल्यूआयएम हे अपडेटचे फाइल-प्रकार नोंदवलेले हवेत. हीच पायरी लोक विसरतात. मग अपडेट मंजूर दिसतं, सर्व्हरवर उतरलेलंही असतं, पण आयआयएस ती फाइल पीसीला देत नाही. दिवस वाया जातो. बदल्यात, कोणतं अपडेट कधी लावायचं हे तुमच्या हाती राहतं. डिस्पॅचच्या दिवशी बिलिंगचा पीसी रीस्टार्ट झालेला कुणालाच परवडत नाही.

थेट घेतलं तर सर्व्हरचा व्याप नाही. विंडोजमधल्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मुळे ऑफिसातले पीसी एकमेकांकडून अपडेटचे तुकडे घेतात, इंटरनेट लाइनवरचा ताण घटतो.

दहा-पंधरा पीसी असतील तर मी थेटच सुचवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसयूएसचा पुढचा विकास थांबवल्याचं जाहीर केलंय. ते चालू राहील, पण त्यासाठी नवं मशीन घेऊ नका.