आत्याबाईंचा रिव्ह्यू : बाळाच्या नावांचं अ‍ॅप

पाचपैकी तीन स्टार. दोन नक्षत्राच्या हिशोबाला, एक बारशाच्या पत्रिकेच्या डिझाइनला. नावं सुचवण्याबद्दल, म्हणजे ज्या कामासाठी अ‍ॅप घेतलं त्याबद्दल, भोपळा. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण अशी सगळी अ‍ॅपं एकमेकांची नक्कल असतात आणि त्रुटीही तीच असणार.

भावाला मुलगी झाली. तो हिंजवडीला, पण बारसं लातूरला आमच्या घरी. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून शोधाशोध माझ्या गळ्यात. भावजयीने लिंक पाठवली, वर निरोप : "ताई, युनिक पाहिजे, पण काकूंना म्हणता आलं पाहिजे."

जन्मवेळ आणि गाव टाकलं की नक्षत्र, चरण, अक्षर लगेच येतं. गुरुजींच्या पंचांगाशी ताडून पाहिलं, तंतोतंत : कृत्तिका, पहिला चरण, अक्षर अ. 'अ' आणि 'आ' एकत्र धरायची पद्धत असते, हेही त्याला कळतं. फुकटात वापरलं तर नावांच्या मध्येमध्ये डायपरच्या जाहिराती येतात. वर्षाचे 299 भरले की त्या जातात आणि घरच्यांचं मतदान घ्यायची सोय मिळते. आम्ही भरले.

मतदानात 'आनंदी' पुढे. गुलाबी कार्ड, कोपऱ्यात फुगा धरलेलं अस्वल, त्याखाली : 'अर्थ : सदा हसतमुख. मूळ : संस्कृत. लोकप्रियता : चार बदाम.' भावजयीच्या माहेरचे सगळे अंगठे वर. मग आमच्या काकूंचा व्हॉइस मेसेज आला. त्यांनी ऐंशी ओलांडलीय, टाइप करणं त्यांना जमत नाही. "आगं माय, राघोबाच्या बायकूचं नाव ठेवायलाव का लेकराला? शाळंत पोरं 'ध'चा 'मा' म्हणून चिडवतेल की!"

ग्रुप गार.

भावाने किल्ला लढवला. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला हे खरं, रामशास्त्र्यांनी राघोबाला दोषी धरलं हेही खरं, पण पत्रातलं अक्षर आनंदीबाईंनीच बदललं याला पुरावा काय? ती सांगोवांगीची गोष्ट. शिवाय डॉक्टर आनंदीबाई जोशी आहेतच, 1886 साली फिलाडेल्फियाला जाऊन डॉक्टर झालेल्या. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती डॉक्टरीण पुस्तकात, बाबा. 'ध'चा 'मा' तोंडात."

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. राघोबाचंच बघा ना. 1763 साली आपल्या बीड जिल्ह्यात राक्षसभुवनला माधवरावाच्या जोडीने त्याने निजामाला लोळवलं. हे कुणाला आठवतं? म्हण मात्र पाळण्यातल्या पोरीपर्यंत येऊन पोचली.

तक्रार एवढीच, की अ‍ॅपला दोघींतली एकही ठाऊक नाही. अस्वल आणि फुगा दाखवायला जागा आहे, 'हे नाव आधी कोणाकोणाचं होतं' एवढी एक ओळ लिहायला नाही. ती असती तर आम्ही मतदानाच्या आधीच भांडून मोकळे झालो असतो.

मग उत्सुकता म्हणून मुलांची नावं उघडली. फिल्टर 'मराठी, हिंदू', विभाग 'रॉयल'. त्यात औरंगजेब! कार्डावर सोन्याचा मुकुट, अर्थ 'सिंहासनाची शोभा'. 1689 साली शंभूराजांना हालहाल करून मारणारा, ज्याची कबर इथे खुलताबादला आहे, ज्याच्या नावाच्या शहराचं नाव बदलण्यावरून आमच्याकडे कित्येक निवडणुका पेटल्या, तो फुग्यांच्या शेजारी. अर्थ चुकलेला नाही, हेच तर वैताग आणणारं आहे.

'मॉडर्न' विभागात कासिम निघाला, अर्थ 'वाटणारा'. इथे मात्र काकूंनी मला चकित केलं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी आमच्या लातूरलाच वकिली करायचा. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला तेव्हा काकू परकर नेसायच्या वयाच्या. रझाकार आले की घरचे काकूंना ज्वारीच्या कणगीमागे दडवत. तर या नावावर त्या भडकतील असं मला वाटलेलं. "कासिम? आपल्या गल्लीतल्या टेलरचं नाव की. माझ्या लग्नातल्या चोळ्या त्यानंच शिवल्या. त्यांच्या पैगंबराच्या लेकाचं नाव आहे ते. रझवीनं काय विकत घेतलंय?" आनंदीवर अडून बसलेली बाई कासिमला बिनतक्रार सोडते. हा हिशोब कुठल्या अ‍ॅपमध्ये बसवणार?

तसा आपल्याकडे नावांचा न्याय अजबच. भावाला सोडून शत्रूला मिळाला म्हणून उत्तरेत बिभीषणाच्या नावाने बोटं मोडतात, आणि आपल्याकडे दर दोन गावांना एक बिभीषणराव सापडतो, बहुधा सोसायटीचा चेअरमन. विश्वास नावाच्या माणसाला मात्र 'विश्वास तर पानिपतात गेला' हा विनोद जन्मभर ऐकावा लागतो, बिचाऱ्याचा काही दोष नसताना.

नुसत्या कानाला बरं वाटलं म्हणून नाव ठेवणारे जगभर आहेत म्हणा. नामिबियात 2020 साली स्थानिक निवडणुकीत निवडून आलेल्या एकाचं नाव तेव्हा अडॉल्फ हिटलर उनोना होतं. हिटलर कोण होता हे वडिलांना बहुतेक ठाऊक नसावं, असं तो स्वतःच म्हणाला. त्यांच्याकडे अ‍ॅप नव्हतं. असतं तरी 'अर्थ : थोर लांडगा' एवढंच कळलं असतं.

आणखी एक खोड. अ‍ॅप उघडलं की लाल पट्टी : 'नाव ठरवायला थोडेच दिवस उरले!' कसले थोडे? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव नंतर चढवता येतं, पहिल्या वर्षात फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा चढलेलं नाव बदलायचं तर मात्र राजपत्राची भानगड. म्हणून पट्टीला घाबरू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारून घ्या.

आम्ही शेवटी 'अहिल्या' ठेवलं. तेही अ‍ॅपने नाही, काकूंनीच सुचवलं. परळीच्या वैजनाथाचं आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचं देऊळ नव्याने बांधणाऱ्या होळकरांच्या अहिल्याबाई. "शिळा झालेली अहल्या म्हणून कुणी चिडवलं तर?" असं भावजयीने विचारलं, तर काकू म्हणाल्या, "परळीला घेऊन जायचं त्याला."

पत्रिकेचं डिझाइन खरंच देखणं आहे, कडेला पाळणा आणि झेंडूची माळ. फक्त त्यांच्या फॉन्टमध्ये 'ल्या' तुटून 'ल् या' दिसतो. गंजगोलाईतल्या प्रेसवाल्याकडून परत टाइप करून घ्यावं लागलं, त्याचे वेगळे 100 रुपये. घ्यायचंच असेल तर वर्षाचं नको, महिन्याचं घ्या आणि ऑटो-पे आठवणीने बंद करा. घुगऱ्या वाटून झाल्यावर या अ‍ॅपचं घरात काही काम उरत नाही.