बडोद्याच्या हवेत एअरब्रश: विमानवाहू जहाज रंगवून झाल्यावरचा अनुभव

घेतलं काय ते आधी सांगतो. एक षष्ठांश हॉर्सपॉवरचा ऑइल-फ्री पिस्टन कॉम्प्रेसर, त्याच्या पोटाखाली तीन लिटरची टाकी, आणि सोबत ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल-अ‍ॅक्शन एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारा, एकाच ट्रिगरने हवा आणि रंग दोन्ही आवरता येणारा, वर रंगाची वाटी असलेला. कंपनीचं नाव देत नाही, कारण द्यायला एक नाव नाहीच. हेच यंत्र, हेच हँडल, हाच काटा ऑनलाइन दहा नावांनी विकतात, खोक्यावरचं स्टिकर तेवढं बदलतं. मला सगळं मिळून आठ हजारांच्या आत पडलं. मार्चअखेरीस घेतलं, म्हणजे बडोद्याचा उन्हाळा, पावसाळा, नवरात्र आणि थंडी हे सगळं त्याने काढलंय. पार्सल उघडल्या दिवशी दिलेल्या पाच चांदण्या मला निवडताना काडीच्या उपयोगी पडल्या नव्हत्या, म्हणून एक अख्खं जहाज रंगवून होईपर्यंत थांबलो.

जहाज म्हणजे अमेरिकेच्या यूएसएस हॉर्नेट या विमानवाहू जहाजाचं प्लास्टिकचं मॉडेल, १/३५० प्रमाणात, एप्रिल १९४२ मधलं. मूळ जहाज २५१ मीटर, आपल्याकडे टेबलावर ७२ सेंटिमीटर येतं. आता एवढ्यासाठी एअरब्रश कशाला, हा प्रश्न घरात आणि बाहेर दोन्हीकडे विचारून झालाय. साध्या युद्धनौकेवर तोफा, मनोरे, डोलकाठ्या, होड्या असतात. नजर त्यात अडकते आणि ब्रशचे फटकारे खपून जातात. विमानवाहू जहाजावर नजर अडकायला काहीच नाही. एका बाजूला छोटंसं आयलंड, म्हणजे डेकवरचा मनोरा, आणि बाकी दोन फुटांहून लांब उघडा डेक. तो पट्टेदार आला की खालचे रेलिंग, बोटी, तोफा कितीही जीव ओतून केलेल्या असोत, बघणारा डेकच बघतो. स्प्रेच्या डब्याने सपाट रंग येतो, पण थर जाड बसतो आणि फळ्यांमधल्या रेघा बुजतात. शिवाय डब्यातला रंग कंपनी देईल तोच.

तर हॉर्नेटचा डेक. अमेरिकी जहाजांवर लाकडी फळ्या आडव्या, म्हणजे डाव्या काठापासून उजव्या काठाकडे जातात. जपानी जहाजांवर त्या उभ्या, नाकापासून शेपटीकडे. हे ठाऊक नसलं तरी जहाज तयार होतं, पण रंगवताना हात कोणत्या दिशेने फिरवायचा ते यावरच ठरतं. लाकडाचा पिवळसर रंग इथे चालत नाही. वरून शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून डेकला निळसर करडा रंग पाजलेला असायचा, आणि ऊन, खारं पाणी, टायर यांनी तो जागोजागी विटलेला. मी आधी करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला, मग फळ्यांच्या रेघांवरून काळपट रंगाची बारीक ओळ, मग मूळ निळा-करडा इतका पातळ की पहिल्या दोन थरांत काही झालंय असं वाटतच नाही. त्यानंतर बारीक टेपने मधल्याच काही फळ्या उघड्या ठेवून त्याच रंगात दोन थेंब पांढरा घालून पुसटसा फवारा. तामिया या मॉडेल बनवणाऱ्या जपानी कंपनीची पिवळी टेप यासाठी महाग वाटते, पण खालचा रंग उचलत नाही, तिथे काटकसर करू नका. टेप काढल्यावर एखादी फळी किंचित फिकट, शेजारची किंचित गडद, आणि हातभर लांबून बघितलं तर नुसता वापरलेला डेक. हे काम हा ब्रश करतो. दहा-बारा पीएसआय इतक्या हवेच्या दाबावर, ब्रशचं नाक पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन, अर्ध्या मिलिमीटरची ओळ येते. या किमतीत मला तेवढी आशा नव्हती.

डेकवरच्या त्या दोन पांढऱ्या रेघाही यानेच मारल्या. १८ एप्रिल १९४२ ला अमेरिकी अधिकारी डूलिटलची सोळा बी-२५ बॉम्बर विमानं या डेकवरून टोकियो आणि जपानच्या इतर शहरांवर गेली. बी-२५ हे जमिनीवरून उडायचं विमान, पंखांचा पसारा वीस मीटरच्या वर. पुढच्या चाकासाठी एक आणि डाव्या चाकासाठी एक अशा दोन रेघा डेकवर रंगवल्या होत्या. चाकं त्या रेघांवर ठेवली की उजव्या पंखाचं टोक आयलंडपासून जेमतेम सहा फुटांवरून जायचं. आपल्या प्रमाणात ते सहा फूट म्हणजे पाच मिलिमीटर. रेघ मिलिमीटरभर जरी उजवीकडे सरकली तरी पहिलं विमान ठेवल्याबरोबर कळतं, म्हणून मी आधी विमान न चिकटवता ठेवून पाहिलं, पंख आणि आयलंड यांच्यात पट्टी धरली आणि मगच टेप लावली. डूलिटलचं विमान सगळ्यांत पुढे होतं, त्याला धावायला साधारण ४६७ फूट मिळाले, म्हणजे टेबलावर चाळीस सेंटिमीटर. ते मोजून ठेवलं की मागची पंधरा विमानं किती दाटीवाटीने उभी होती ते आपोआप दिसतं. हॉर्नेटची स्वतःची लढाऊ विमानं तेव्हा खाली हँगरमध्ये होती. आमच्यासारख्या आळशी माणसाची केवढी सोय! सत्तर विमानांऐवजी सोळांत काम भागतं.

जहाजाच्या बाजूंच्या रंगसंगतीला मात्र वेळ गेला. गडद निळा, मधला करडा-निळा आणि फिकट करडा, तिन्ही नागमोडी तुकड्यांत. पोस्टर चिकटवायची मऊ पुट्टी मिळते, तिच्या बारीक वळ्या करून कडेला ठेवायच्या आणि सरळ समोरून फवारायचं, म्हणजे कड ना सुरीसारखी येते ना धूसर होते. तिन्ही रंगांत थोडा पांढरा घातला. खऱ्या जहाजाचा रंग जसाच्या तसा एवढ्याशा मॉडेलवर मारला तर तो काळवंडलेला दिसतो. याबद्दल मंडळींत मतभेद आहेत, पण माझं मत पक्कं आहे.

आता बडोद्याची हवा. मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंशांत अल्कोहोलवर चालणारे अ‍ॅक्रिलिक रंग वाटीतून बाहेर पडेपर्यंत सुईच्या टोकावरच सुकतात. टोकावर रंगाचा कोंब जमतो, मग फवारा वाकडा जातो, मग एकदम ठिपके उडतात. दोष यंत्राचा नाही. रंग पातळ ताकाइतका करायचा, रंग सावकाश सुकवणाऱ्या रिटार्डरचे दोन-चार थेंब टाकायचे, दाब पंधरा पीएसआयच्या आत ठेवायचा आणि थिनरमध्ये बुडवलेली कापसाची काडी हाताशी ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी टोक पुसायचं. त्याहून सोपं म्हणजे सकाळी सहाला बसायचं. कॉम्प्रेसरही उन्हाळ्यात तापतो. वीस-पंचवीस मिनिटं सलग चालला की त्याच्या वरच्या भागाला हात लावता येत नाही. टाकी असल्यामुळे आतला दाब चार बारला गेला की तो आपोआप थांबतो आणि तीनला उतरला की परत सुरू होतो, त्यात त्याला श्वास मिळतो. बिनटाकीचे छोटे कॉम्प्रेसर दोन-अडीच हजारांत मिळतात ते मोहात पाडतात, पण त्यांना ही सवड नसते. शिवाय हवेचा दाब पिस्टनच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हलतो आणि सपाट डेकवर ते लाटांसारखं उमटतं. पैसे कमी असतील तर ब्रश स्वस्त घ्या, टाकी सोडू नका.

पावसाळा ही खरी परीक्षा. हवा दाबली की तापते, टाकीत आणि नळीत थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, आणि ते पाणी नेमकं डेकच्या मध्यावर थेंब होऊन पडतं. रेग्युलेटरखाली काचेची वाटी असलेला वॉटर ट्रॅप येतो, जुलैत तो अर्ध्या तासात भरतो. आमच्या दांडिया बाजारात गणपतीच्या आधी मूर्तिकारांकडे मोठे कॉम्प्रेसर दिवसरात्र चालू असतात. त्यातल्या एका काकांना मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी ब्रशकडे बघितलंही नाही. ‘टाकीचं पाणी सोडतोस का रे? खाली चावी असते बघ.’ चावी होती. माहितीपत्रकात तिचा उल्लेख नव्हता, आणि ते माहितीपत्रक म्हणजे चिनीतून इंग्रजीत कसंबसं आणलेलं एक पान. आता प्रत्येक बैठकीनंतर टाकी रिकामी करतो आणि ब्रशच्या दांड्याजवळ दुसरा छोटा फिल्टर लावलाय, दोन-तीनशे रुपयांचा. थेंब बंद झाले. काकांनी आणखी एक सांगितलं, की भर पावसात चकाकीचं व्हार्निश मारायचं नाही, पांढुरकी होते. लॅकर व्हार्निशच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि धुरकट साय धरते. डेकलवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांवर, मारायचं शेवटचं बिनचमकीचं मॅट व्हार्निश मी नवरात्र उलटून कोरडी हवा पडेपर्यंत थांबवून ठेवलं.

आवाज जुन्या फ्रिजपेक्षा जरा जास्त. रात्री अकरानंतर जुन्या वाड्यात खालच्या मजल्यावर घरघर ऐकू जाते आणि सकाळी जिन्यात वहिनी विचारतात. नवरात्रात अर्थातच कोणी काही विचारत नाही, गरब्याच्या दणक्यात ट्रक चालवला तरी कळणार नाही. सगळ्यांत निवांत रंगकाम त्या नऊ रात्रींत झालं. थरथर मात्र आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हापासून आमच्याकडे विजेची कोणतीही वस्तू जमिनीवर ठेवायची नाही असा आईचा दंडक आहे. म्हणून कॉम्प्रेसर फळीवर ठेवला तर रंगाच्या बाटल्या कडेकडे चालायला लागल्या. खाली जुनं जाड पायपुसणं दुमडून घातल्यावर तोडगा निघाला.

वास आणि धूळ यांबद्दल विक्रेते एक अक्षर बोलत नाहीत. लॅकर वापरणार असाल तर कापडी मास्क निरुपयोगी आहे. ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला अर्ध्या तोंडाचा रेस्पिरेटर घ्या आणि खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवा. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरा. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत लॅकर मारलं तर संध्याकाळच्या आमटीलाही थिनरचा वास येतो असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. ते अतिशयोक्त असेल, पण वाद घालण्याजोगं नाही. गॅस चालू असताना तर फवारणी नकोच, थिनरची वाफ पेट घेते.

तक्रारी. ब्रशमधले रबरी वॉशर लॅकर थिनरने फुगतात, दोन महिन्यांत ट्रिगर जड झाला. पीटीएफईचे, म्हणजे टेफलॉनचे वॉशर घातल्यावर सुधारला, ते घेतानाच द्यायला हवे होते. नळीच्या दोन्ही टोकांतून हवा गळत होती, प्लंबर वापरतात ती टेफलॉन टेप गुंडाळून बंद केली. दाबाचा काटा दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो. त्याच्यावर विसंबण्यापेक्षा जुन्या कार्डबोर्डवर ओळ मारून बघणं बरं. आणि साफसफाई. रंग बदलताना वाटी धुवायची, थिनर फवारायचा, सुई मागे ओढून पुसायची, आणि बैठकीच्या शेवटी नोझल उघडून आतून काडी फिरवायची. रंगवायला पाऊण तास लागला तर धुवायला वीस मिनिटं धरा. ज्यांना हा कंटाळा आहे त्यांनी हे घेऊ नये, हे मी मनापासून सांगतो. १/७०० चं छोटं जहाज वर्षाकाठी एखादं करणाऱ्यानेही घेऊ नये, त्याला एक चांगला स्प्रेचा डबा आणि दोन बारीक ब्रश पुरे.

विमानांना मात्र हा ब्रश थोडा जाड पडतो. माझ्या किटमधली विमानं पारदर्शक प्लास्टिकची आहेत. काचांवर टेपचे कण चिकटवून आधी आतून-बाहेरून काळा मारला, नाहीतर उजेडात अख्खं विमान कंदील होतं. त्यावर वरून मळकट हिरवा ऑलिव्ह ड्रॅब, खालून करडा न्यूट्रल ग्रे, म्हणजे तामियाचे एक्सएफ-६२ आणि एक्सएफ-५३. सहा सेंटिमीटरच्या पंखावर ०.३ चालतं, पण ०.२ ची सुई असती तर कमी थरांत झालं असतं. उलट पुढे आयएनएस विराटसारखा पोलादी डेक करायचा असेल, तर फळ्या नाहीत, गडद करडा खरखरीत थर आणि त्यावर टायरचे, तेलाचे डाग. तिथे मोठ्या पृष्ठभागासाठी ०.५ हवी. विराट २०२० मध्ये मोडीत निघायला आपल्याच अलंगला आलं, म्हणून बडोद्यातल्या बऱ्याच जणांना ते करायची हौस आहे. मलाही आहे. त्यासाठी याच कॉम्प्रेसरला दुसरा ब्रश जोडणार, कॉम्प्रेसर बदलायचं कारण दिसत नाही.

घेणार असाल तर ऑर्डर देतानाच दोन जादा नोझल आणि एक सुई टोपलीत टाका. नोझल तांदळाच्या दाण्याहून लहान असतं, पान्याने जरा जास्त पिळलं की आटे तुटतात, आणि बडोद्यात कुठल्याही दुकानात ते सुटं मिळत नाही. ऑनलाइन मागवलं तर यायला पंधरा दिवस लागतात, तोवर वाटीत कालवलेला रंग फेकून द्यावा लागतो. रंगांचंही तसंच. ज्वालाग्राही म्हणून विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येतात. पावसाळ्याआधीच भरून ठेवा.