फॉलआउट ४ साठी रेडिओ मॉड: सात महिने वापरून, सासूबाईंच्या साक्षीने

फॉलआउट ४ हा अणुयुद्धानंतरच्या बॉस्टनमधला खेळ, आणि मॉड म्हणजे त्यात लोकांनी हौसेनं घातलेली भर. हे मी तिसऱ्या महिन्यातच लिहायला बसले होते. तेव्हा लिहून झालं असतं तर नुसत्या शिव्या झाल्या असत्या. आता सात महिने झालेत, राग अर्धा उतरलाय, आणि एका मॉडबद्दलचं मत तर पार उलटं झालंय.

आधी तो प्रसंग. रात्रीचे पावणेदोन. माझ्या इअरफोनचा डावा कान दिवाळीपासून गेलेला. चारशे रुपये घालायचे नाहीत म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर, बारीक आवाजात खेळत होते. पिप-बॉयवर, म्हणजे खेळातल्या मनगटावरच्या यंत्रावर, मॉडमधलं एक संथ गाणं चालू होतं, इतकं हळू की बाईचा सूर तेवढा कळावा, शब्द नाही. म्हणून आवाज वाढवला. मग अजून वाढवला. ते गाणं संपलं आणि पुढचं सुरू झालं ते थेट ट्रम्पेटने. डेथक्लॉसारखा खेळातला राक्षस समोर आला असता तरी मी एवढी दचकले नसते. शेजारच्या खोलीतून सासूबाई, "अगं, काय पडलं?" पोरगं उठलं. नवरा उठला नाही, तो कशानेच उठत नाही.

त्या मॉडचं नाव घेत नाही. ज्याने केला त्याने हौसेनं आणि फुकट केलाय. पण माझ्याआधी कुणीतरी त्याला अगदी नम्रपणे हीच तक्रार सांगितली होती आणि उत्तर होतं, की फुकट आहे, नको तर काढून टाका. बरोबर आहे बाबा. मॉड फुकट होता. माझा दिवसाचा दीड जीबी डेटा फुकट नव्हता, आणि तो मॉड उतरवायला मला दोन दिवस लागले होते.

मुळात मॉड कशाला, तर खेळातल्याच मूळ डायमंड सिटी रेडिओवर गाणी चाळिसेक. दोनशे तास खेळलात की कुठल्या गाण्यानंतर कुठला श्वास येतो तेही पाठ होतं. गाणी वाईट नाहीत हो. डियॉनचं १९६१ चं भटक्याचं गाणं लागलं आणि समोर बॉस्टनचे पडके पूल असले की अजूनही पाय ठेका धरतात. एल्टन ब्रिटचं १९५५ चं युरेनियमचं गाणं तर खरंच त्या काळात लोक गायगर काउंटर घेऊन डोंगरात युरेनियम शोधत फिरायचे तेव्हाचं. म्हणजे खेळ कल्पनेतला असला तरी रेडिओ खराखुरा आहे, आणि म्हणूनच त्यात काहीही आणून कोंबलं तर लगेच खटकतं. पण माझ्या दैवात दर वेळी युरेनियमच. सँक्च्युअरी वस्तीत टोमॅटो लावताना युरेनियम, मेल्या रेडरच्या, म्हणजे दरोडेखोराच्या, खिशात हात घालताना युरेनियम.

सुरुवात केली ओल्ड वर्ल्ड रेडिओ बॉस्टनपासून, कारण सगळे तोच सांगतात. डझनावारी स्टेशनं आहेत, नुसती गाणी नाहीत तर जुन्या अमेरिकन रेडिओवरच्या श्रुतिकाही आहेत. श्रुतिकांचं स्टेशन मला फार आवडलं. खेळातल्या गुडनेबर गावातला केंट कॉनोली सिल्व्हर श्राउड या रेडिओवरच्या नायकाचे जुने भाग लावून बसतो ना, त्या सोंगामागची खरी परंपरा कानावर पडते. पहिले तीन आठवडे मी सगळ्यांना हाच मॉड घ्या म्हणून सांगत सुटले होते.

मग लक्षात आलं, की मी खेळण्यापेक्षा स्टेशनच बदलत असते. डिशचं तसंच होतं ना, तीनशे चॅनेल आणि बघायला काही नाही. दुसरं म्हणजे पिप-बॉयच्या रेडिओच्या यादीत एरवी एखादा अनोळखी सिग्नल उगवतो, कुणाची तरी मदतीची जुनी हाक, आणि आपण त्या हाकेमागे जाऊन एखाद्या सांगाड्यापाशी पोचतो. माझ्या मते या खेळातली सर्वात चांगली गोष्ट तीच. एवढ्या लांब यादीत ते सिग्नल हरवायला लागले. एक तर दोन दिवस तिथे होता आणि मला दिसलाच नाही. मॉडची यात चूक नाही, तो जे देतो म्हणाला तेच देतो. मलाच एवढं नको होतं.

दुसरा, मोअर व्हेअर दॅट केम फ्रॉम डायमंड सिटी. हा वेगळं स्टेशन काढत नाही, असलेल्या डायमंड सिटी रेडिओतच शंभरावर गाणी वाढवतो. फरक वाटतो तेवढा लहान नाही. नवं स्टेशन आपल्या मनगटावर वाजतं, पण जगात जागोजागी ठेवलेले रेडिओ, बाजारातले, रेडरांच्या अड्ड्यातले, ते बहुतेक डायमंड सिटीच लावून बसलेले असतात. हा मॉड टाकला की तेही नवी गाणी वाजवतात. लांबून भिंतीपलीकडून कधी न ऐकलेलं गाणं ऐकू आलं आणि मी बंदूक काढायच्या आधी थांबून ऐकलं, असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा मेले.

इथे ट्रॅव्हिसबद्दल बोलायलाच हवं. ट्रॅव्हिस माइल्स, डायमंड सिटीचा तो घाबरट निवेदक, ज्याला माइकसमोर स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो. डगआउट इनमधल्या व्हादिमचं ऐकून तुम्ही ते आत्मविश्वासाचं क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, केलंत की तो एकदम गुळगुळीत, सराईत होतो. मी ते क्वेस्ट पहिल्या खेळात केलं आणि आजवर पस्तावतेय. आता व्हादिमकडे मी बघतसुद्धा नाही. तर गंमत अशी, की ट्रॅव्हिसचं बोलणं ठरलेल्या गाण्यांपुरतंच ध्वनिमुद्रित आहे. शंभर गाणी वाढली तरी ट्रॅव्हिस वाढत नाही. आधी दर गाण्यामागे अडखळणारा हा माणूस आता पाहुण्यासारखा अधूनमधून डोकावतो. मला आधी वाटलं गाणी जास्त म्हणजे मजा जास्त. चौथ्या आठवड्यात कळलं, की मला ट्रॅव्हिसची आठवण येतेय.

तिसरा तो पावणेदोनचा. त्याच्याकडे परत येतेच, कारण मला झोप येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मॉडचं बीए२ अर्काइव्ह, म्हणजे फाइलींचं गाठोडं, उघडून त्यातल्या आवाजाच्या एक्सडब्ल्यूएम फाइली बाहेर काढल्या आणि एकेक मोजली. संथ गाणं उणे २४ एलयूएफएस (आवाजाची सरासरी पातळी मोजायचं एकक), ट्रम्पेटवालं उणे ९. पंधरा डेसिबलचा फरक, म्हणजे कानाला जवळजवळ तिप्पट. एकाच स्टेशनवर, एकापाठोपाठ! कारण सरळ आहे. काही गाणी जुन्या ७८ च्या तबकडीवरून जशीच्या तशी उतरवलेली, खरखरीसकट. काही पुढे सीडीच्या काळात दाबून मोठी केलेली. करणाऱ्याने दोन्ही एका पिशवीत भरली आणि पिशवीला गाठ मारली. खेळातल्या सेटिंगमध्ये रेडिओचा आवाज कमी-जास्त करता येतो, पण ती पट्टी सगळ्या रेडिओला लागते, एका गाण्याला नाही. त्यामुळे "सेटिंगमधून कमी करा ना" असं मला कुणी सांगू नये. नवऱ्याने सांगून झालंय.

मग हट्टच धरला. एकशेचाळीस फाइली, सगळ्या वेव्हमध्ये बदलायच्या, एफएफएमपेग या प्रोग्रॅमने उणे १६ वर आणायच्या, परत एक्सडब्ल्यूएम करायच्या आणि त्याच नावाने, त्याच फोल्डरच्या रचनेत सुट्या टाकायच्या. सुटी फाइल अर्काइव्हमधल्या फाइलीवर मात करते, फक्त फॉलआउट४कस्टम आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत त्या नेहमीच्या दोन ओळी हव्यात. त्या नसतील तर तुम्ही माझ्यासारखी एक अख्खी संध्याकाळ "काहीच फरक पडला नाही" म्हणत काढाल. दोनदा दाबल्यामुळे दर्जा थोडा उतरतो म्हणतात. तीन मिनिटांच्या त्या जुन्या तबकड्यांत मुळात जेवढं मावलं होतं, त्यात मला तरी फरक कळला नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या वेळात इअरफोन आणले असते. नवराच म्हणाला. तत्त्वाचा प्रश्न होता.

मधे एप्रिल २०२४ चा अपडेट आला. एफ४एसई या पूरक प्रोग्रॅमवर चालणारे मॉड त्याने बंद पाडले हे सगळ्यांना माहीत आहे. माझं तर स्टीमवर आपोआप अपडेट बंद करायचंच राहिलं होतं, म्हणजे दोष माझा. सकाळी उठून बघते तर निम्मी यादी लाल. पण रेडिओवाले मॉड सगळे जिवंत! ते बहुधा नुसता प्लगिन आणि आवाजाच्या फाइली एवढेच असतात, एफ४एसईला हातच लावत नाहीत. सगळी इमारत पडली आणि माळ्यावरचा रेडिओ तेवढा वाजत राहिला, असला प्रकार. त्या दिवशी त्या मॉडवाल्यालाही मी मनातल्या मनात माफ केलं. संध्याकाळपर्यंत.

एक सूचना इथेच देते, नाहीतर विसरेन. चालू सेव्हमधून, म्हणजे साठवलेल्या खेळातून, मॉड काढू नका, रेडिओचा असला तरी. नको असेल तर तो वाजवू नका, किंवा मॉडच्या आधीच्या सेव्हवर जा. मी काढून बघितलाय. एक वस्ती आठवडाभर मुकी होती.

चौथा, ॲटॉमिक रेडिओ अँड टेल्स फ्रॉम द कॉमनवेल्थ. हा मी सर्वात शेवटी घेतला, कारण वर्णनात जाहिराती असतात असं लिहिलं होतं आणि जाहिराती मी टीव्हीवर पैसे देऊन ऐकते, खेळात आणखी कशाला. इथेच माझं मत उलटलं. जाहिरातीच या मॉडचा जीव आहेत. हौशी कलाकारांनी आवाज दिलेल्या, त्याच जगातल्या वस्तूंच्या, त्याच जगातल्या दुकानांच्या. मधे भीतीच्या छोट्या गोष्टी लागतात. एक रात्री ओसाड शाळेत शिरताना लागली आणि मी शाळेत न शिरता परत फिरले. गाणी किती आहेत हे मी मोजलंच नाही, आणि मोजायचं सुचलं नाही यातच सगळं आलं. आवाजाची पातळी? मोजली. ती मोजल्याशिवाय मी आता पाणी पीत नाही. ठीक आहे.

चार मॉड झाले. आता उरलेलं अर्धं स्टेशन, म्हणजे माझं घरगुती.

एका रविवारी दुपारी मी खेळत होते आणि सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. डायमंड सिटीवर बँडचं एक उडतं गाणं लागलं. त्या म्हणाल्या, "हे सी. रामचंद्रांचं आहे का गं?" मी हसले, आणि मग हसणं गिळलं, कारण त्या बरोबर होत्या. अण्णांच्या ‘अलबेला’त, १९५१ साली, हाच स्विंग आहे, आणि त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटला होता चिक चॉकलेट, गोव्याचा. त्या काळात मुंबईतल्या हॉटेलांत जाझ वाजवणारे कितीतरी गोवेकर दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना साथ करायचे. म्हणजे बॉस्टनच्या भग्नावशेषात हे वाजलं तर काळ चुकत नाही, फक्त समुद्र बदलतो.

मग रिकाम्या स्टेशनाचा साचा देणारा एक छोटा मॉड घेतला, ज्यात ठरलेल्या नावाने आपल्या फाइली टाकायच्या. सासूबाईंच्या पेन ड्राइव्हमधली अठरा गाणी निवडली, घरातल्या घरात, कुठे वाटायची नाहीत. सगळी उणे १६ वर. लावलं, आणि पंधरा मिनिटांत कंटाळा. गाणी एकाहून एक होती, पण मधे माणूसच नव्हता. कपाटात ठेवलेली चांगली भांडी नुसती बघावी तसं.

सासूबाईंना सहज म्हटलं, आई, तुम्ही बोलाल का मधे? लग्नाआधी त्या विविध भारतीला फर्माईशीची पत्रं पाठवायच्या. झुमरीतलैयाची नावं रोज वाचली जायची, यांचं एकदाही नाही, हे दुःख अजून ताजं आहे. त्यांनी एकच विचारलं, "ऐकणारे कोण?" मी म्हटलं, दरोडेखोर, किरणोत्साराने कातडी गेलेली माणसं, आणि एक कुत्रा.

"मग कुत्र्यासाठी एक वेगळं ठेव," म्हणाल्या.

पांघरुणाखाली मोबाइल धरून अकरा निवेदनं केली. पहिल्या दोनांत चक्क ट्रॅव्हिस होता, तसाच अडखळणारा. तिसऱ्यापासून त्यांना सूर सापडला आणि त्या डायमंड सिटीच्या श्रोत्यांना पाणी उकळून प्या म्हणून सांगायला लागल्या. डॉगमीट, म्हणजे त्या कुत्र्यासाठीचं गाणं सातव्या क्रमांकावर आहे. गेले दोन महिने माझ्या पिप-बॉयवर आलटून पालटून ॲटॉमिक रेडिओ आणि हेच असतं. ओल्ड वर्ल्ड नव्या सेव्हमध्ये घेतलेला नाही, पण मशीनवर ठेवलाय, श्रुतिकांसाठी कधीतरी. ५८ जीबीचा तो हाय रिझोल्यूशन टेक्श्चरचा पॅक मी कधीच घेतला नव्हता, त्यामुळे जागा आहे.

माझ्या भावाकडे प्लेस्टेशन ४ आहे, त्याला यातलं काहीच मिळणार नाही. तिथे मॉडमध्ये बाहेरची फाइल चालत नाही, म्हणजे नवं गाणंच नाही. त्याने सासूबाईंची निवेदनं फोनवर मागवून घेतली आणि खेळताना बाजूला लावतो.

एक अडचण अजून शिल्लक आहे. अकराही निवेदनं मोजून, तपासून, उणे १६ वर आणलीत. गाण्यांच्या रेषेला रेष जुळते. तरी रात्री दोन वाजता पाण्याचं निवेदन लागलं की मी दचकून आवाज कमी करते, आणि शेजारच्या खोलीतून त्या विचारतात, "मीच होते का?"