अकाउंटिंग ॲनालिटिक्सची पदव्युत्तर पदविका, आठ महिने वापरून: गाडं अडलं बिल नंबरच्या रकान्यात

पदविकेत काय काय आहे ते माहितीपत्रकात सगळ्यांनी वाचलेलंच असतं: एक्सेल, पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच, डेटा आत घेऊन साफ करणारं), पॉवर बीआय (आलेख आणि डॅशबोर्डचं), थोडं पायथॉन, ऑडिट ॲनालिटिक्स, वर प्रेझेंटेशन. फी सहा आकडी. संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली सांगितलेली खोट एकट्या तिची असेल असं वाटत नाही.

निमित्त टूबीचं. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीच्या बिलांची यादी, येतो आणि मासिक थ्रीबी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २० तारखेला भरायचा असतो. वर्गात तयार करून घेतलेली, खरेदीची वही या यादीशी ताडणारी जुळवणीची फाइल नेमकी या सहा दिवसांत रिफ्रेश केली की ‘रकाना सापडला नाही’ म्हणून थांबते. पॉवर क्वेरी डेटा आत घेताना ‘चेंज्ड टाइप’ नावाची पायरी स्वतःहून टाकते आणि त्या पायरीत प्रत्येक रकान्याचं नाव जसंच्या तसं कोरलेलं राहतं. टूबीच्या शीटवर शीर्षकं दोन ओळींत, सेल एकत्र केलेल्या. वरची एक ओळ कमीजास्त कापली गेली की नाव बदललं, आणि क्वेरी बसली. उपाय दोन मिनिटांचा आहे: ती आपोआप आलेली पायरी पुसायची, क्वेरी ऑप्शन्समध्ये टाइप डिटेक्शन बंद करायचं, आणि रकान्यांना नावं त्यांच्या क्रमावरून द्यायची. सहा आकडी फीत ही दोन मिनिटं बसली नाहीत.

खरं दुखणं मात्र बिल नंबरचं. सरावाच्या फाइलींत सगळी बिलं ‘आयएनव्ही-००१’ पासून ओळीने शहाण्यासारखी उभी. बाजारात एक पार्टी ‘५/७’ लिहिते, दुसरी ‘००४७’, तिसरी ‘१२ई५’. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची) फाइल नुसती डबल-क्लिक करून उघडली तर भारतीय मांडणीतलं एक्सेल पहिल्याची ५ जुलै करतं (२०२४ मध्ये उघडली असेल, तर आत तारखेचा ४५४७८ हा दिवसांचा आकडा बसतो), दुसऱ्याचे ४७ आणि तिसऱ्याचे बारा लाख. सेव्ह केलं की मूळ नंबर गेला. मागून रकाना ‘टेक्स्ट’ करून काही परत येत नाही. म्हणून सीएसव्ही कधी उघडायची नाही, पॉवर क्वेरीतूनच आत घ्यायची, आणि बिल नंबर पहिल्या पायरीपासून टेक्स्ट ठेवायचा. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ‘००४७’ आणि ‘१२ई५’चं आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोयही आहे, पण ‘५/७’ ची तारीख तिने थांबत नाही.

मग जुळवणी. वर्गात शिकवलं ‘फझी मर्ज’ (नेमकं नाही, साधारण सारखं दिसलं तरी जोडणारं), तेही मोठ्या कौतुकाने. त्याची साम्याची मर्यादा मुळात ०.८० असते. पार्टीच्या नावासाठी, ‘प्रा. लि.’ आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’साठी, ती ठीक. पण बिल नंबर लांब असेल आणि फरक फक्त शेवटच्या आकड्यात, तर फझीला दोन्ही बिलं एकच वाटू शकतात. नंबरांना फझी लावायचंच नाही. त्यापेक्षा जीएसटीआयएन (पार्टीचा जीएसटी क्रमांक) आणि साफ केलेला बिल नंबर जोडून किल्ली बनवायची: सगळं कॅपिटल करायचं, अक्षरं आणि अंक सोडून बाकी काढायचं. मोठ्या-लहान लिपीचा फरक पॉवर क्वेरी मानते, हे विसरलं की निम्मी बिलं ‘नाहीत’ म्हणून येतात. आणि या किल्लीतही एक खड्डा आहे. तिरकी रेघ काढली की ‘१/११’ आणि ‘११/१’ दोन्ही ‘१११’ होतात. म्हणून किल्ली जुळली तरी करपात्र रक्कम एक रुपयाच्या फरकात बसते का ते वेगळ्या रकान्यात बघायचं. त्यानंतर लेफ्ट अँटी जोड लावली की वहीत आहेत पण टूबीत नाहीत अशी बिलं मिळतात. १ जानेवारी २०२२ पासून जीएसटी कायद्याचं कलम १६(२)(एए) लागू आहे, त्यामुळे यांचं क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) घेता येत नाही. पैसे अडकतात ते इथे, डॅशबोर्डवर नाही.

तारखांचं तसंच. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०४ चं ४ मे होतं आणि १३ तारखेपासून पुढे एरर. एरर दिसतो तरी. पहिल्या बारा दिवसांची उलटापालट मुकाट होते. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर क्रेडिट उलटवावं लागतं, आणि इथे मोजणीच २९ दिवसांनी सरकलेली. पॉवर क्वेरीत तारखेचा टाइप देताना ‘यूझिंग लोकेल’मधून इंग्रजी (भारत) निवडणं, एवढंच काम.

तिसऱ्या महिन्यापर्यंत मत असं होतं की पायथॉन म्हणजे माहितीपत्रकाची सजावट. ते मागे घ्यावं लागतंय. पांडासमध्ये, म्हणजे पायथॉनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत, फाइल वाचतानाच सगळे रकाने टेक्स्ट मागता येतात, म्हणजे वरचा अर्धा रोग होतच नाही. दोन याद्या जोडताना ‘इंडिकेटर’ चालू केला की प्रत्येक ओळीपुढे डावीकडचीच, उजवीकडचीच की दोन्हींतली, ते लिहून येतं. दहा-बारा ओळींत जुळवणी. एक्सेलची १०,४८,५७६ ओळींची भिंतही आड येत नाही. फक्त वर्गात सांगतात तसं क्लायंटचं पर्चेस रजिस्टर ऑनलाइन नोटबुकवर चढवू नका. गोपनीयता नावाचा प्रकार ऑडिटच्या पहिल्या धड्यात असतो. आपल्याच मशीनवर चालवा.

उलट पॉवर बीआयचे गुण उतरले. सुरुवातीला भारी वाटलं. पण डेस्कटॉप आवृत्ती मॅकवर चालत नाही, ऑनलाइन सेवेला जीमेल चालत नाही, आणि संस्थेचा ईमेल मिळायला पाच आठवडे आणि चार स्मरणपत्रं. तोवर तो भाग संपलेला.

ऑडिट ॲनालिटिक्समध्ये बेनफर्डचा नियम नीट शिकवला: नैसर्गिकपणे आलेल्या रकमांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०.१ टक्के, ९ चं ४.६. तो कुठे लावू नये हेही सांगितलं, मर्यादा घातलेल्या पेटी कॅशला किंवा पगाराला. छान. पण सरावासाठी दिलेली टॅली एज्युकेशनल मोडमधली, तिच्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांना नोंद करता येते. मग ‘रविवारी टाकलेली व्हाउचर शोधा’ आणि ‘येणी किती दिवसांची’ हे दोन्ही प्रयोग हास्यास्पद होतात. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (नोंदीत कोणी, कधी, काय बदललं त्याची यादी) असलेलं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. तो लॉग वाचायला एक तास दिला असता तरी चाललं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर आलेली आयएमएस (इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम), म्हणजे बिल स्वीकारा, नाकारा की प्रलंबित ठेवा, नोट्समध्ये नाहीच. टूबी आता त्यावरून बनतो.

अनपेक्षित चांगलं निघालं ते एका पानाचं टिपण: रक्कम पहिल्या ओळीत, कारण दुसऱ्या, काय करायचं ते तिसऱ्या. दर शनिवारी एक, लाल शाईने परत.

फी भरण्याआधी डेमो लेक्चर मागू नका, ते सगळेच रंगवतात. सरावाची पर्चेस रजिस्टरची फाइल मागा आणि बिल नंबरचा रकाना वरून खाली बघा. सगळे ‘आयएनव्ही’ असतील तर फी कमी करायला सांगा. इथे हप्ते पाडून मिळाले, सूट नाही.