नान्नजच्या माळावरची रविवारची फेरी : पाचपैकी चार

एक स्टार का कापला ते खाली येईलच, आधी चांगलं सांगते.

नान्नजचं माळढोक अभयारण्य सोलापुरातून बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर. हिवाळ्यात रविवारी पहाटे काही स्वयंसेवक तिथं लोकांना घेऊन फिरतात आणि वनखात्याच्या कामाला हातभार लावतात. पैसे घेत नाहीत. प्रवेशाचं शुल्क आपलं आपण भरायचं आणि फिरून झालं की तासभर काम करायचं, एवढीच अट. आमचा शाळेच्या गणवेशांचा धंदा. जानेवारीत मशिनी जरा थंड असतात, म्हणून मी, आमचे मिस्टर आणि धाकटी नणंद अशी वरात निघाली.

गेटवर एका स्वयंसेवक पोरानं पहिल्याच वाक्यात हवा काढली. "काकू, माळढोक दिसेल म्हणून आला असाल तर आत्ताच सांगतो, आशा धरू नका." मला हे फार आवडलं. हल्ली कुठंही जा, वाघ दाखवतो, मोर दाखवतो म्हणून गळ्यात पडतात. इथं सरळ हिशेब मांडला : देशभरात मिळून दीडशेच्या आसपास पक्षी उरलेत, बहुतेक सगळे राजस्थानात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढं धूड हवेत पटकन वळत नाही आणि समोरची नजर अधू, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतात. ज्याच्या नावानं 1979 साली हे अभयारण्य झालं, तोच आता इथं दुर्मीळ.

मग बघायचं काय? भरपूर आहे की. काळविटांचा कळप अगदी सावकाश रस्ता ओलांडून गेला. गवतावरून खालून खालून उडणारा भोवत्या हा शिकारी पक्षी दिसला, थंडीला मध्य आशियाकडून येणारा पाहुणा. पण माझ्या लक्षात राहिली ती लांडग्याची विष्ठा. हसू नका. त्या पोरानं पायवाटेवर उकिडवं बसून काडीनं ती उकलून दाखवली. वाळून पांढरी पडलेली, आत काळविटाचे केस गुंडाळल्यासारखे आणि हाडाचा टवका. म्हणाला, "लांडगा स्वतः दिसेल न दिसेल, पण इथं कोण जेवून गेलं ते कळतंय." आमच्या मिस्टरांना दुकानातल्या हिशेबाच्या वहीतही एवढा रस घेताना मी पाहिलेलं नाही.

कामाच्या तासाला नणंदेचा पारा चढला. हातात हातमोजे देऊन सांगितलं, ग्लिरिसिडियाची रोपं मुळासकट उपटा. "झाडं उपटायला आणलंय होय आम्हाला? लोक लावायला सांगतात!" तिनं नेचर क्लबच्या पोरांना वाढदिवसाला रोपं वाटलेली, तिला ते लागणारच. तेव्हा एका ताईनं नीट समजावलं. माळावरच्या पक्ष्याला चारी बाजूंनी लांबवर दिसावं लागतं, शत्रू कुठून येतो ते. माळ हिरवा करायचा म्हणून एकेकाळी ही झाडं लावली गेली, ती पसरली आणि पवन्या, मारवेल अशी गवतं मागं हटली. आपल्याकडं पाऊस कमी, इथं गवतच टिकायचं. नणंद गप्प झाली आणि नंतर सगळ्यांत जास्त रोपं तिनंच उपटली.

बांधावर एक शेतकरीदादा येऊन थांबले. "हरणं आमची ज्वारी खायलीत, तुम्ही त्यांना मोजायलाव. आमचं नुकसान कोण मोजतंय?" मला वाटलं आता वाद होणार. पोरांनी वाद घातलाच नाही. एकानं मोबाईलवर पिकाचे फोटो काढून घेतले, नुकसानभरपाईच्या अर्जाला काय काय लागतं ते सांगितलं, पंचनाम्यासाठी सोबत यायचं कबूल केलं. या भागात अभयारण्याचं नाव काढलं की कपाळाला आठी पडते, त्याला कारण आहे. आधी कागदावर अभयारण्य होतं तब्बल 8,496 चौरस किलोमीटर, त्यात अख्खी गावं आणि शेतं आली. नंतर ते 1,222 वर आणलं. तेवढ्या वर्षांचा राग एका भेटीत जात नाही. पण रविवारी पक्षी दाखवणारी पोरं सोमवारी अर्ज भरून देतात म्हटल्यावर गावात त्यांना चहा मिळतो. खरं तर माझे चारपैकी दोन स्टार याचेच.

आता तक्रारी. दुर्बिणी दोनच आणि माणसं डझनाच्या वर. आपली पाळी येईस्तोवर पक्षी उडालेला. निरोप शनिवारी रात्री उशिरा येतो, बायकांनी डबा कधी करायचा? एक ज्येष्ठ सदस्य बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि लोकांना मोठ्यानं बोलू नका म्हणून तेच ओरडतात. शिवाय ग्रुपचे टी-शर्ट पोपटी पॉलिस्टरचे! माळावर अर्धा किलोमीटरवरून दिसतात. मातकट रंगाचं सुती कापड मी रास्त दरात शिवून देते म्हटलं, विचार करतो म्हणाले.

जाणार असाल तर पायात लोकरीचे मोजे घालू नका, कुसळं अशी रुततात की मोजेच टाकून द्यावे लागतात. बूट आणि जाड सुती पँट बरी. कडक भाकरी आणि शेंगा चटणी सोबत ठेवा.

उन्हाळ्यात हीच मंडळी पाणवठे भरायला जातात आणि बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजायला वनखात्याला मदत करतात. मिस्टरांनी नाव देऊनही टाकलं. मे महिना म्हणजे आमच्या शिलाईचा ऐन हंगाम, तेव्हा दुकान कोण बघणार हे त्यांनी सांगितलेलं नाही. आणि रात्रभर मचाणावर बायकांनी लघवीला कुठं जायचं, हे मी ग्रुपला विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.