मुलांना समुद्रजीव दाखवायचे, तर मालवण की मुंबईचा खडकाळ किनारा?

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करता येतं. 1987 साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मुखवटा लावून पाण्यात डोकं घातलं की प्रवाळांवर फिरणारे रंगीत मासे दिसतात. दृश्य अप्रतिम, पण खर्च आहे, पावसाळ्यात सगळं बंद, आणि पाणी गढूळ असलं तर काहीच दिसत नाही. शिवाय पाण्याला घाबरणारं मूल निम्मा वेळ दोरीलाच धरून राहतं.

मुंबईत हाजीअली, जुहू किंवा कार्टर रोडला ओहोटीत खडक उघडे पडतात. तिथे पैसे लागत नाहीत, वेळ मात्र साधावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीत पाणी सगळ्यात मागे हटतं, साधारण पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. डबक्यात वाकून पाहा: समुद्रफूल या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या हलणाऱ्या शुंडिका (बारीक सोंडा), रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेला खेकडा, बोटाच्या पेराएवढी सागरी गोगलगाय. नशीब असेल तर ऑक्टोपस! त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. हे समोर जिवंत ऑक्टोपस असताना सांगितलं की मूल प्रश्नांची सरबत्ती सुरू करतं.

शंकूसारखे शंख मात्र कोणी उचलू नयेत, काहींचा दंश विषारी असतो. खडक शेवाळाने निसरडे असतात, पकड असलेले बूट हवेतच.

मी आधी किनाराच निवडेन. तिथे मूल एकाच डबक्याशी अर्धा तास रेंगाळू शकतं. मालवण पुढच्या हिवाळ्यात, पोहणं जमल्यावर.