मोकळं डोमेन दुसरीकडं वळवायचंय: सीनेम, एलियास, ए रेकॉर्ड की रीडायरेक्ट?

कोल्हापुरात छोट्या दुकानांच्या वेबसाइट मी सांभाळतो. चप्पल लाइन असो की मार्केट यार्ड, प्रश्न एकच असतो: डोमेन घेतलंय एकीकडं, साइट आहे दुसरीकडं, जोडायचं कसं?

ए रेकॉर्ड थेट सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, सांगतो. सीनेम नुसतं दुसरं नाव सांगतो. पाहुण्याला घर नंबर देणं वेगळं आणि "मी मावशीकडं उतरलोय, तिचा पत्ता तिलाच विचारा" म्हणणं वेगळं. मावशीनं राजारामपुरीतनं कसबा बावड्याला बिऱ्हाड हलवलं तरी तुम्हाला कुणाला कळवायला नको. होस्टिंगवाले सर्व्हर बदलत राहतात, म्हणून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या नावाला सीनेमच. इथं मी दुसरा विचारही करत नाही.

खरा घोळ मोकळ्या नावाचा, म्हणजे पुढं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या डोमेनचा. डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा, १९८७ पासूनचा नियम असा की ज्या नावाला सीनेम, त्याच नावाला दुसरं रेकॉर्ड ठेवायचं नाही. मोकळ्या नावावर तर एसओए (डोमेनच्या कारभाराची नोंद) आणि एनएस (त्याचे नेमसर्व्हर कोणते ते) ही रेकॉर्ड असतातच, मेल कुठं पोचवायची ते सांगणारं एमएक्सही तिथंच. रेकॉर्ड भरायची बरीच पॅनेल म्हणूनच तिथं सीनेम घेत नाहीत. एका पॅनेलनं मुकाट्यानं घेतलं आणि मीही सोडून दिलं. चार दिवसांनी गुळाच्या व्यापाऱ्याचा फोन: "भावा, साइट झकास चाललीय, पण पुण्याची ऑर्डर मेलवर आलीच नाही की." मेल पाठवणारा सर्व्हर सीनेमच्या मागं जाऊन दुसऱ्याच नावाचं एमएक्स शोधत होता.

एलियास, काही ठिकाणी एनेम, हा त्यावरचा तोडगा. पॅनेलमध्ये तुम्ही नावच लिहिता, पण नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनची रेकॉर्ड सांगणारा सर्व्हर) स्वतः त्याचा आयपी काढून विचारणाऱ्याला ए रेकॉर्ड म्हणून देतो. एमएक्सला धक्का नाही. क्लाउडफ्लेअरवर याला सीनेम फ्लॅटनिंग म्हणतात आणि ते फुकट प्लॅनवरही मिळतं. ॲमेझॉनच्या रूट ५३ चा एलियास मात्र त्यांच्याच सेवांकडं किंवा त्याच झोनमधल्या (त्याच डोमेनच्या यादीतल्या) रेकॉर्डकडं वळतो. बाहेरच्या होस्टिंगसाठी त्याचा उपयोग नाही. शिवाय ही सोय ज्याची त्याची असते. उद्या नेमसर्व्हर बदलले तर नव्या ठिकाणी ती आहे का, हे आधी बघा.

होस्टिंगवाल्यानं ठरलेले आयपी दिले असतील तर साधं ए रेकॉर्ड पुरतं. गिटहब पेजेस ही होस्टिंग सेवा १८५.१९९.१०८.१५३ पासून १८५.१९९.१११.१५३ पर्यंत चार देतं. चारही टाका. एकच टाकून कंजुषी नको.

रीडायरेक्ट, म्हणजे ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, ही डीएनएसची गोष्टच नाही. ते काम वेब सर्व्हरचं. ब्राउझरच्या पट्टीतलं नाव बदलायला हवं असेल तर हेच लागतं, सीनेमनं ते बदलत नाही. फक्त मोकळ्या नावाचं सुरक्षेचं (एचटीटीपीएसचं) सर्टिफिकेट फॉरवर्ड करणाऱ्याकडं आहे ना, ते विचारा. नसेल तर गिऱ्हाइकाला आधी लाल इशारा दिसतो.

दुकानदाराला मी सांगतो ते असं: नेमसर्व्हरवर एलियास किंवा फ्लॅटनिंग असेल तर मोकळ्या नावाला ते वापरा. नसेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मुख्य ठेवा आणि मोकळं नाव ए रेकॉर्डनं रीडायरेक्ट करणाऱ्या सर्व्हरवर न्या. बदलाच्या आदल्या दिवशी टीटीएल (रेकॉर्ड किती वेळ साठवून ठेवायचं ते) ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे चूक झाली तरी पाच मिनिटांत सावरता येते. होस्टिंगच्या पॅनेलमध्येही तुमचं डोमेन नोंदवा, नाहीतर सगळं बरोबर असून पान सापडत नाही.

आणि होस्टिंग बंद केलं की जुनं सीनेम त्याच दिवशी काढा. तिकडचं रिकामं झालेलं नाव दुसऱ्या कुणी घेतलं, तर तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर त्याची साइट उघडते.